सर खुर्चीतून उठणार नाहीत

मालिकेच्या पटकथेचा पहिला खर्डा माझ्या हातात आला, तेव्हा त्यातले व्हीलचेअरवरचे प्रशिक्षक सर क्रिकेट शिकवत होते. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत जुनी पदकं बघत बसत होते. आणि शेवटच्या भागात, अंतिम सामन्याच्या अगदी अखेरीला, व्हीलचेअरचे हात घट्ट धरून उठून उभे राहत होते. आज नाशिकमध्ये ज्या पटकथेवर शूटिंग चालू आहे, तिच्यात यातलं काही उरलेलं नाही. ते कसं बदलत गेलं हे लिहायला बसलोय. दिव्यांग माणसाची गोष्ट टीव्हीवर दिसते, पण त्याआधी बैठकीत आणि मैदानावर काय काय घडतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मला ते जवळून बघायला मिळालं. मालिका अजून जाहीर व्हायची आहे, म्हणून तिचं आणि वाहिनीचं नाव देत नाही.

मी खो-खोचा माणूस. शाळेपासून खेळलो, पुढे शिकवायला लागलो. महामार्गावरच्या अपघातात पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. हात, खांदे आणि आवाज शाबूत आहेत. पंचवटीत एका मोकळ्या मैदानावर संध्याकाळी पोरांचा सराव घेतो. आईबाप सातपूर-अंबडला कंपनीत पाळीवर, घरी कुणी नाही, शाळा अर्ध्यात सुटलेली, अशी पोरं बरीच. रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी काही. काहींची नावं पोलीस ठाण्याच्या कागदांवर येऊन गेलेली. कोणाची, ते मी सांगत नाही, आणि मैदानावरही कुणी विचारत नाही.

मालिकेची लेखिका एका क्रीडाशिक्षकाच्या ओळखीने आली. वही उघडून तिने विचारायला सुरुवात केली. अपघात कसा झाला, पाय गेले हे कळलं तेव्हा काय वाटलं, रात्री झोप लागते का. मी म्हटलं, "ताई, हे सगळं सांगतो. पण आधी पोरांचा खेळ बघा."

ती बघत बसली आणि नेमकं त्याच संध्याकाळी मैदानावर भांडण झालं. एका पोराला खो उशिरा मिळाला, पळणारा त्याच्या बोटांखालून निसटला, आणि हा थेट खो देणाऱ्याच्या अंगावर धावून गेला. शिवीगाळ झाली, मातीला लाथ बसली, आणि पोरगा तरातरा फाटकाकडे चालू लागला. लेखिका माझ्याकडे बघायला लागली. मी शिट्टी वाजवली आणि डाव पुढे चालू केला. त्याचा चौकोन मात्र रिकामाच ठेवला.

ज्यांनी खो-खो शाळेनंतर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मध्यपाटीवर आठ चौकोन, त्यात आठ जण बसलेले, शेजारच्या दोघांची तोंडं एकमेकांच्या उलट बाजूला. नववा पाठलागावर. त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. त्याची सगळी ताकद बसलेल्यांत असते. मधला एक चौकोन रिकामा पडला की तिथे खो द्यायला पाठच नाही, आणि पळणारा बरोबर त्याच जागेतून बाजू बदलतो. बघता बघता आमची बाकीची पोरं घामाघूम झाली आणि फाटकाकडे बघून ओरडायला लागली, "ये ना रे, मरतोय आम्ही इथं!" तो फाटकाशी घुटमळला, मग परत आला आणि गुपचूप चौकोनात बसला. बसल्या बसल्या त्याला पहिला खो मिळाला तो ज्याच्या अंगावर गेला होता त्याच्याकडूनच.

"तुम्ही त्याला थांबवलं का नाही, सर?" लेखिकेने विचारलं.

"मला त्याच्यामागे पळता येत नाही, ताई. ज्याला पळता येतं तो माणूस त्याला दंड धरून घेऊन येईल. मी त्याची जागा मोकळी ठेवतो. दुसऱ्या कुणाला देत नाही. ती मोकळी जागा त्याला तिकडून दिसत असते."

तिने तेव्हा वही पुन्हा उघडली. माझ्या मते मालिका खरी त्या संध्याकाळी लिहायला घेतली गेली. खुर्चीमुळे सरांचं काय गेलं, हा पहिल्या खर्ड्याचा विषय होता. सर खुर्चीत बसून शिकवतात कसे, हा नव्या पटकथेचा विषय झाला. ती पुढे अनेक संध्याकाळी येत राहिली, आणि तिला एकेक गोष्ट दिसत गेली. उभ्या माणसाला चौकोनात बसलेल्या पोराचं डोकं आणि पाठ दिसते. मी खुर्चीत पुढे झुकलो की मला त्याची मान दिसते, पुढे टाकलेल्या पायाची टाच उचललेली आहे की टेकलेली ते दिसतं. टाच टेकलेली असली की खो मिळाल्यावर उठायला त्याला वेळ लागणार, हे मला आधीच कळतं, आणि मी बसल्या जागेवरून त्याच्या नावाने हाक मारतो. पोरांना वाटतं सरांना पाठीमागचंही दिसतं.

खेळ बदलण्यावरून मात्र बरीच ओढाताण झाली. वाहिनीला क्रिकेट हवं होतं, नाहीतर निदान कबड्डी, कारण प्रो कबड्डीमुळे ती घराघरात पोचलेली. खो-खो बघणार कोण, असा प्रश्न आला. तेव्हा जानेवारी २०२५ कामाला आला. दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. ते सामने मी बैठकीत दाखवले. खांबावर मारलेला सूर मोठ्या पडद्यावर बघितल्यावर दिग्दर्शकाने स्वतःच खो-खोची बाजू उचलून धरली.

पण माझं खरं कारण वेगळं होतं आणि तेही मी मांडलं. रागाच्या झटक्यात जगणाऱ्या पोरासाठी खो-खोसारखा खेळ नाही. समोरून गडी पळत जातो, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून जातो, आणि तुम्हाला उठायचं नसतं. मागून कुणीतरी पाठीला हात लावून "खो" म्हणेपर्यंत बसून राहायचं. तो हात कधी येईल हे तुमच्या हातात नाही. आणि आला की क्षणाचाही विचार न करता उठायचं. आधी उठलात तर फाऊल. रोज संध्याकाळी शेकडो वेळा पोरगं हे करतं. मी त्याला संयमावर भाषण देत नाही. लेखिकेला म्हटलं, तुमच्या सरांच्या तोंडीही भाषण घालू नका. तिने भाषणाची सगळी पानं काढून टाकली, याचं श्रेय पूर्ण तिचं.

मुख्य भूमिकेसाठी व्हीलचेअर वापरणारा नट शोधा, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. वाहिनीने ओळखीचा चेहरा घेतला. माझं मत आजही बदललेलं नाही. महाराष्ट्रात असे कलावंत आहेत, त्यांना ऑडिशनच्या खोलीपर्यंत पोचता आलं पाहिजे, आणि त्या खोल्या बहुतेक पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत असतात. एक गोष्ट मात्र पदरात पडली. संघातला एक हात नसलेला खेळाडू पटकथेत होता. तो हात शर्टात बांधून कुणी तरी करेल, असं चाललं होतं. मी दिलीप गावितचं नाव घेतलं. आपल्याच जिल्ह्यातला, सुरगाणा तालुक्यातला पोरगा, एका हाताने घडलेला धावपटू, २०२३ च्या हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटरमध्ये सुवर्ण घेऊन आलेला. ज्या जिल्ह्यात असा पोरगा घडतो तिथे एका हाताने खेळणारा मुलगा शोधून सापडणार नाही, हे मला पटत नव्हतं. शोधला आणि सापडला. पेठ तालुक्यातला. चौकोनातून असा उठतो की कॅमेरामन चुकतो.

नट भला माणूस निघाला. शिकायला सकाळी मैदानावर यायचा. प्रॉडक्शनने आणलेली खुर्ची दवाखान्यात असते तशी होती, जड, घडीची, दोन्ही बाजूंना हात आणि मागे ढकलायचे दांडे असलेली. दिवसभर चाक मारणारा माणूस असली खुर्ची वापरत नाही. माझी खुर्ची मापाची आहे. पाठीचा टेकू बुटका, म्हणजे खांदे मोकळे राहतात. मागे दांडे नाहीत, कारण मला कुणी न विचारता ढकललेलं चालत नाही. पटकथेत एका हळव्या प्रसंगात पोरगा मागून येऊन सरांची खुर्ची ढकलू लागतो असं होतं. दांडेच नसल्यामुळे तो प्रसंग आपोआप बदलला. आता पोरगा शेजारून चालतो.

मैदानाच्या भुसभुशीत मातीत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात. पाठ किंचित मागे टाकून ती जमिनीपासून उचलायची आणि मोठ्या चाकांवर पुढे जायचं. नटाला हे शिकवताना मागे दोन दणकट पोरं उभी केली होती. हे त्याला लवकर जमलं. जमत नव्हते ते पाय. पुढे झुकला की त्याची टाच आपोआप दाबली जायची, दचकला की गुडघा हलायचा. त्याच्या लक्षातही यायचं नाही. मग मी पोरांना कामाला लावलं. मैदानाभोवती बसा, त्याच्या पायांकडे बघत राहा, पाय हलला की ओरडा. पोरं काय, संधीच बघत होती. संवाद चालू असताना चहूबाजूंनी "खो!" असा गलका व्हायचा. पहिले काही दिवस एक वाक्य पुरं झालं नाही. पुढे गलका कमी होत गेला, आणि एका सकाळी पूर्ण प्रसंग संपला तरी कुणी ओरडलं नाही. तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

अजून एक गोष्ट मी त्याला शिकवली, जी कुठल्याही मालिकेत मी बघितली नव्हती. स्पर्श कळत नसला की बसून बसून कातडी कधी जखमी झाली ते समजत नाही, आणि त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन्ही हात टेकून अंग उचलून धरायचं. मी ते सूचना देता देता करतो, पोरांना सवय आहे. नटानेही तसंच उचललं. "दिशा सोडू नको!" असं ओरडत तो अंग उचलून धरतो, खाली बसतो, पुढचं वाक्य म्हणतो. कुणी त्याचा क्लोजअप घेत नाही, पार्श्वसंगीत वाजत नाही. सरांच्या कामाचा तो भाग आहे.

थंडीच्या बाबतीत मात्र बोलावं लागलं. जानेवारीत सकाळी सहाचा कॉल असला की नाशिकची हवा काय असते ते निफाडकरांना विचारा. गारठ्याने माझे पाय ताठरतात आणि मधूनच थडथडतात. त्यावर माझा ताबा नाही. सेटवर एकदा तसं झालं, दिग्दर्शकाने बघितलं आणि त्याला तो सरांच्या भीतीचा प्रसंग वाटला. त्याला हाच झटका घ्यायचा होता, सामन्याआधी. मी म्हटलं, "दादा, घ्या, पण भीती म्हणून नको. पाय थडथडला की मी गुडघ्यावर तळहात दाबून धरतो आणि मोजणी चालू ठेवतो. तेवढंच घ्या." त्याने तेवढंच घेतलं. मालिकेतला माझा सर्वांत आवडता शॉट तोच आहे. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात घड्याळ, नजर मैदानावर.

सेटवरच्या गैरसोयींचंही सांगितलं पाहिजे. दिव्यांग प्रशिक्षकाची मालिका करायला निघालेल्या युनिटच्या व्हॅनिटी व्हॅनला तीन पायऱ्या होत्या आणि शौचालय त्या पायऱ्यांच्या वर. मला दर चार-पाच तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. स्वच्छ जागा, पाणी आणि दार लावायची सोय लागते. नाही मिळाली तर जंतुसंसर्ग, ताप, दवाखाना. हे मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगितलं, कारण आडून सांगितलं की विसरलं जातं. आर्ट विभागाच्या पोरांनी फळ्यांचा उतार बनवून दिला आणि मैदानाशेजारच्या एका खोलीची किल्ली माझ्या ताब्यात दिली. सरांच्या घराचा सेट बांधताना त्यांनी उंबरा काढला, मोरीचं दार रुंद केलं, ओटा खाली घेतला. हे आता कुणाला सांगावं लागत नव्हतं.

पोरांच्या बाबतीत मी सगळ्यात कडक होतो. प्रोमोसाठी वाहिनीला 'खऱ्या मुलांच्या खऱ्या कहाण्या' हव्या होत्या, चेहऱ्यासकट. मी साफ नाही म्हटलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे पोलीस ठाण्याच्या कागदांवर नाव आलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव नाही, फोटो नाही, शाळा नाही. कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. या पोरांना उद्या नोकरी मागायला जायचंय. माझी काही पोरं मालिकेत खेळताना दिसतील, पण खेळाडू म्हणून, आणि त्यातलं कोण कुठून आलंय हे कुणाला कळणार नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. या अटी मी कागदावर छापून पालकांना दिल्या. एका मुलाच्या आईने तो कागद शूटिंगच्या व्यवस्थापकासमोर धरला आणि विचारलं, "साहेब, पावती कधी देता?" पावती मिळाली.

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची प्रकरणं जिथे चालतात त्या बाल न्याय मंडळाचा प्रसंगही पटकथेत होता. तिथे लाकडी कठडा, उंचावर न्यायाधीश, हातकडी घातलेला पोरगा असं सगळं लिहिलेलं. मी लेखिकेला नियम दाखवले. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. ते उंच चौथऱ्यावर बसत नाहीत. साक्षीदाराचा पिंजरा नसतो. मुलाला हातकडी घालत नाहीत. तिने प्रसंग नव्याने लिहिला, साध्या खोलीत, टेबलाभोवती. वाचताना मला तो जुन्यापेक्षा कितीतरी जास्त अंगावर आला. कारण आता पोरग्याला समोरच्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं.

आणि मग शेवटचा भाग. सरांनी उभं राहणं वाहिनीला सोडवत नव्हतं. ऑनलाइन बैठकीत त्यांच्यातल्या एक मॅडम म्हणाल्या, "सर, प्रेक्षकांना आशा हवी असते." मी त्यांना अपघातानंतरची गोष्ट सांगितली. नातेवाईक मला कुठे कुठे घेऊन गेले होते, कुणी तेल दिलं, कुणी अंगारा, आणि सगळे एकच सांगायचे, मनात आणलंस तर चालशील. म्हणजे मी चालत नाही ते माझ्या मनात नाही म्हणून. माझी आई कित्येक वर्षं त्या वाक्यावर विश्वास ठेवून माझ्याकडे बघायची. मज्जारज्जूची पूर्ण इजा जिद्दीने भरून येत नाही. "मॅडम, माझ्यासारखे कितीतरी जण घरात बसून ही मालिका बघतील. त्यांच्या शेजारी त्यांची आई बसलेली असेल. सर उभे राहिले की ती मुलाकडे बघेल. त्या बघण्याचं उत्तर त्याने काय द्यायचं?"

बैठक तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी लेखिकेचा फोन आला, उभं राहणं काढलंय, पण मग शेवट काय करायचा?

मी सुचवलं ते असं. अंतिम सामन्याच्याच दिवशी संघातल्या त्या तापट पोराची मंडळासमोर तारीख आहे. सर सामन्याला जात नाहीत. ते त्याच्या आईबरोबर तिकडे जातात. सामना पोरं आपली आपण खेळतात, कोणाच्या बदली कोण खेळेल ते कर्णधार ठरवतो, राखीव खेळाडूंतून एक जण चौकोनात बसतो. नायक अंतिम सामन्याला हजर नाही, यावर पुन्हा बराच खल झाला. नटाने स्वतः सांगितलं की मला हाच शेवट करायचाय, आणि वाहिनी तयार झाली. दोन्ही ठिकाणचे प्रसंग आलटूनपालटून दाखवले जातील.

सामना कोण जिंकणार हे मात्र अजून लिहिलेलं नाही. दिग्दर्शकाने ठरवलंय की शेवटचा डाव खरा खेळवायचा, दोन्ही संघ खरे, चहूबाजूंनी कॅमेरे, आणि जे होईल ते घ्यायचं. समोर शहरातला चांगला तयारीचा संघ आहे. आमच्या पोरांनी सराव अर्ध्या तासाने वाढवून मागितला, तो मी वाढवला आहे. सध्या आम्ही फक्त उशिरा मिळणाऱ्या खोवर काम करतोय.